दम्मामचा खोळंबा

सोमवार, १० नोव्हेंबर

'ड्रायव्हर्स'चं मी 'चालक' केलं! बाजारपेठेचे चालक. सकाळभर तेच लिहीत होते. चौथ्या पानावर लक्षात आलं की इथे गाडी चालवणारं कुणी नाहीच — बाजार ज्या कारणांनी वाढतो त्या कारणांना हे लोक ड्रायव्हर्स म्हणतात. सगळं खोडलं.

काम दादाभाऊंनी आणलं. ते पेठचे, माझ्या नवऱ्याचे, भरतचे शाळासोबती. आता चाकणकडच्या एका कंपनीत आहेत. कंपनी सैन्याच्या चिलखती गाड्या बनवते, त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या देशांत जातात. सुटे भाग भरतसारख्या वेल्डिंगच्या शेडवाल्यांकडून करून घ्यायचे, ते बघणं दादाभाऊंकडे. या सगळ्या शेडवाल्यांना वाचायला एक अहवाल मराठीत हवाय. साठ पानं. विषय : लष्करी वाहनांची जागतिक बाजारपेठ. "वहिनी, तुमी लेखिका. तुमाला काय, डाव्या हाताचं काम."

वाढीची कारणं : सीमेवरचे तणाव, अंतर्गत अशांतता, जुन्या गाड्या बदलण्याची निकड. वाढीतले अडथळे : पोलादाचे भाव, निर्यातीचे परवाने, शांतता-वाटाघाटी.

शांतता तिसरी. तसंच लिहिलं. भाषांतरात आपलं काही घालायचं नसतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. एवढं काय लिहितीस म्हणाल्या. वाचून दाखवलं — "पूर्वेकडच्या देशांतून मोठी मागणी आली आहे."

"कुणाच्या पोरीला?"

हसून हसून पोट दुखलं. मग समजावलं. पोरीला नाही, गाड्यांना. भरत आता उसाच्या ट्रॉल्यांबरोबर लढाईच्या गाड्यांचेही भाग करणार. त्यांनी दोन शेंगा फोडेपर्यंत विचार केला. "मागं हूक ठिवलाय का त्येला? लडाई संपल्याव ऊस वढाया तरी यील."

गंमत करत होत्या की खरंच विचारत होत्या, कळलं नाही. मी मात्र नंतर शोधलं. लढाई संपल्यावर गाडीचं काय होतं, साठ पानांत कुठेच नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नमुन्याच्या प्लेटा आल्या. दुपारी चहा घेऊन शेडवर गेले आणि तिथेच बसून राहिले.

हनीफभाई काम करत होते. महंमद हनीफ — जुन्नरहून मोटरसायकलवर येतात, मधलं सौदीतलं एक वर्ष सोडलं तर बावीस वर्षं. भरतने इथे वारूळवाडीत शेड टाकली तेव्हा दोघंच होते. भरत काम आणायचा, हनीफभाई जोडायचे. आता सोळा माणसं आहेत, पण जोड अवघड असला की सगळे त्यांच्याचकडे बघतात.

हे पोलाद वेगळं. घाईने वेल्डिंग केलं तर दिसायला छान, आणि दुसऱ्या दिवशी बसल्या जागी तडकतं! म्हणून आधी प्लेट सावकाश तापवायची. एक खडू असतो, ठरावीक उष्णतेलाच वितळणारा. त्याची रेघ ओढायची, ती वितळली की मगच जोडायला घ्यायचं. आणि झाल्यावर झाकून ठेवायचं, हळूहळू निवू द्यायचं, बाळंतिणीला जपावं तसं. हनीफभाई गुडघ्यावर बसून त्या खडूच्या रेघेकडे बघत होते. आपण दुधाकडे बघतो तसं.

भाग गाडीच्या तळाचा आहे. होडीसारखा, खाली निमुळता. सुरुंग फुटला तर दणका दोन्ही अंगांना निघून जावा म्हणून.

"म्हंजे याच्यावर पोरं बसणार," हनीफभाई म्हणाले. "कुठली का असंनात. मंग कसंबी करून न्हाई चालायचं, वहिनी."

कुठली, ते दादाभाऊंनाही माहीत नाही. कागदावर 'ग्राहक क्रमांक चार' एवढंच आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तपासणी झाली. जोडावर लाल रंग लावून पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. बारीक तडा असला तर पांढऱ्यातून लाल रेघ उठते. एकही उठली नाही! दादाभाऊ म्हणाले, "हनीफभाई, हात हाय का मशीन?" हनीफभाई म्हणाले, "मशीनला चहा लागत न्हाई राव. मला सांगा एक."

बुधवार, १९ नोव्हेंबर

दादाभाऊ शेडवर आले होते. भरत आणि ते केबिनमध्ये तासभर. ऑर्डर पक्की! भरत नीट जेवला नाही. डोकं चढलंय म्हणाला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शेडचे दोन भाग करायचेत. एकीकडे ट्रॉल्या, दुसरीकडे कंपनीचं काम. मध्ये जमिनीवर पिवळी रेघ. कंपनीने मंजूर केलेल्या माणसांनीच रेघ ओलांडायची.

हनीफभाईंनीच मारली. दोरी धरून, ब्रश घेऊन, कौतुकाने. "बघा वहिनी, तुमच्या वहीवानी आखली का न्हाई?"

भरत म्हणाला, दुसरं कुणीतरी मारील, तुम्ही कशाला. पण त्यांनी ऐकलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मंजुरीसाठी प्रत्येकाचा फॉर्म. इंग्रजीत. सोळाच्या सोळा मी भरले. बोटं आखडली.

हनीफभाईंचा सगळ्यात लांब, कारण परदेशप्रवास. करार संपला मार्च दोन हजार वीसमध्ये, परत आले जूनमध्ये. रकाना विचारतो : मुदतीनंतर थांबण्याचं कारण?

"अडकलो व्हतो की दम्मामला! अडीच महिने. इमानंच बंद. एका खोलीत सात जण अन् रोज खिचडी. बिबिजान हितं रडून रडून अर्धी झाली."

'स्टक' लिहिणार होते. फार ओबडधोबड वाटलं. शाळेत पत्रलेखनात आम्हाला एक वाक्य होतं — पावसामुळे मी खोळंबले : आय वॉज डिटेन्ड बाय रेन. किती डौलदार! तेच वापरलं. सौदी अरेबियात अडीच महिने डिटेन्ड. हनीफभाईंनी वळणदार सही केली.

भरतला म्हटलं, पाठवायच्या आधी एकदा नजर घाल. "तू लिहिलंस ना? मंग झालं."

सोमवार, १ डिसेंबर

अहवाल संपत आला. आजचं वाक्य : पुरवठा साखळीतील जोखमीचे घटक वेळीच ओळखून वगळावेत. छान उतरलं मराठीत. कुठे अडखळत नाही.

शेवटी एक आलेख आहे. पुढच्या दहा वर्षांची रेघ, वर वर जाणारी. म्हणजे जी भांडणं अजून सुरूही झालेली नाहीत त्यांच्यासाठी गाड्या मोजून ठेवल्यात. आलेखाखालचं वाक्य लिहून झाल्यावर उठून नळाखाली हात धुतले. का, माहीत नाही. शाई काही लागली नव्हती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दादाभाऊंचा फोन. भरत आळेफाट्याला गेला होता, म्हणून मी घेतला.

"वहिनी, एक इचारू का? हनीफभाई सौदीत आत व्हता का?"

"आत म्हणजे?"

"आत म्हंजे आत. जेलात. फॉर्मवर हाय तसं. तुमचंच अक्षर."

मी काहीतरीच बोलले. नाही हो, विमानं बंद होती, कोरोना. ते म्हणाले, बरं बरं, बघतो मी, तुमी टेन्शन घेऊ नका.

शब्दकोश काढला. डिटेन : १. ताब्यात ठेवणे, स्थानबद्ध करणे. २. खोळंबवून ठेवणे.

मी दुसऱ्या अर्थावर इतकी खूश होते की पहिला बघितलाच नाही. दोन पुस्तकं लिहिलेली बाई!

सोमवार, ८ डिसेंबर

पत्र आलं. पंधरा जण मंजूर. महंमद हनीफ — नामंजूर. कारण दिलेलं नाही.

मला माहीत आहे कारण.

मंगळवार, ९ डिसेंबर

हनीफभाई नेहमीसारखे साडेआठला आले. डबा खुंटीला टांगला. भरतने त्यांना बाजूला घेतलं. लांबून दिसत होतं — भरत बोलतोय, ते मान हलवतायत. मग त्यांनी आपला हेल्मेट-मुखवटा आणि हातमोजे उचलले, रेघेच्या अलीकडे आले आणि उसाच्या ट्रॉलीचा दांडा जोडायला बसले.

घरी येऊन पोळ्या केल्या. दोन करपल्या.

शुक्रवार, १२ डिसेंबर

कंपनीला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. चूक माझी, अर्थ खोळंबा असा, सोबत त्या वर्षीच्या विमानबंदीची कात्रणं, त्यांच्या परतीच्या तिकिटाची प्रत. तीन वेळा लिहिलं. आयुष्यात इतकं साधं इंग्रजी लिहिलं नसेल.

हनीफभाईंना सांगितलेलं नाही अजून. उत्तर आलं की दोन्ही एकदमच सांगेन — चूक आणि दुरुस्ती.

मंगळवार, १६ डिसेंबर

त्यांच्या जागी कंपनीने पाठवलेला वेल्डर आलाय. चांगला आहे, प्रमाणपत्रं आहेत, घाई फार. आज पांढऱ्या पावडरीतून रेघ उठली. बोटभर लांब, लाल. सगळे बघत उभे.

हनीफभाई रेघेच्या अलीकडून ओरडले, "आरं पावणं, खडू तर वितळू द्या की! लगीन लागायच्या आधीच वरात काढली तुमी!"

सगळे हसले, तो वेल्डरही. हनीफभाई पिवळ्या रेघेला बूट टेकवून उभे होते. बूट पलीकडे गेला नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

चहा द्यायला गेले तर एकटेच होते. म्हणाले, "वहिनी, तहरीमला सांगितलं मी, त्या कंपनीचा नाद सोड."

तहरीम त्यांची मुलगी. मेकॅनिकलच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, वर्गात पहिली. त्याच कंपनीत शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करायचा म्हणून दिवाळीपासून घरात घोकत होती.

"का हो? तिचा काय संबंध?"

"बापाला न्हाई घेतलं, लेकीला घेत्यात व्हय? नाव बघूनच बाजूला ठिवत असतील. आता कागदावं थोडंच लिहणार? म्हनून तर कारण दिलं न्हाई." कप बशीत ठेवला. "बावीस वर्षांत मला कुणी असं वाटू दिलं नव्हतं. इथं तर न्हाईच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि विचारलं काय — साखर बरोबर आहे का!

रविवार, २१ डिसेंबर

आईकडे डिंभ्याला जाऊन आले. जाताना एसटी दीड तास उशिरा. थांब्यावर शेजारची म्हातारी म्हणाली, "आजबी खोळंबा." या एका शब्दावर रडू आलं मला. म्हातारीला वाटलं, कुणीतरी गेलंय.

कंपनीचं उत्तर नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

भरतला सांगितलं. सगळं — शाळेतलं वाक्य, शब्दकोश, दादाभाऊंचा फोन, मी पाठवलेलं पत्र.

तोंड पुसता पुसता तो थांबला. मला वाटलं आता ओरडेल.

"म्हंजे तुझ्या शब्दानं झालं?"

"हो."

"मंग सांग त्याला." टॉवेल खांद्यावर टाकला, परत काढला. "सांगच. तो उगं भलतंच मनात घेऊन बसलाय. तुझ्यावं न्हाई रागवायचा तो."

इतकंच. एका शब्दानेही रागावला नाही. मी किती दिवस घाबरून होते याला सांगायला!

गुरुवार, २५ डिसेंबर

जुन्नरला गेले. हनीफभाईंच्या बायकोने, बिबिजानने दार उघडलं. "आओ भाभी, आज रस्ता कैसा भूल्या?" घरात मसाल्याचा वास. तहरीम पुस्तकं पसरून बसली होती, मला जागा करून दिली.

सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. बसले असते तर बोलू शकले नसते.

बिबिजानच्या हातात पळी तशीच. हनीफभाई जमिनीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे... नावामुळं न्हाई?"

"नाही."

"नक्की, वहिनी?"

"नक्की. माझाच शब्द नडला."

त्यांनी मान वर केली. राग असेल म्हणून मी वाट बघत होते. डोळे भरलेले होते आणि हसत होते! "सुनी क्या, बिबिजान? भाभी की इंग्लिश ने मारा मेरेकू! मैं उगाच साऱ्या दुनियेला शिव्या देत बसलो." बिबिजानने पळी ठेवली आणि माझा हात धरला, मीच कुणी दुखावलेली असल्यासारखा. "जाने दो भाभी. गलती है. गलती का क्या, सुधरती."

तहरीम म्हणाली, "म्हणजे मी अर्ज करू?"

"कर. पण तुझा तू भर. वहिनींना नको दिऊ!"

सगळे हसलो. खीर खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. बिबिजान पुन्हा पुन्हा वाढत होती. चूक कबूल करणाऱ्याला कुणी एवढं देऊ नये.

शनिवार, २७ डिसेंबर

हनीफभाईंनी नारायणगावच्या बाजारात दहा जणांना ही गोष्ट सांगितलीय. भाजीवाल्यानेही विचारलं, "तुमीच का त्या डिटेनवाल्या?" लाज वाटली. पण गेल्या महिनाभरात ते असे मोकळे दिसले नव्हते. ट्रॉल्याच करतायत अजून. गातायत पण.

शुक्रवार, २ जानेवारी

पुन्हा पत्र पाठवलं. दादाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "एकदा सिस्टिममधी पडलं की लई अवघड, वहिनी." माझ्याकडे न बघता. बिचारे, त्यांच्या हातात तरी काय आहे.

अहवाल पुरवठादारांच्या बैठकीत वाटला गेला. दादाभाऊ म्हणाले, भाषा लई गोड झालीय.

शुक्रवार, ९ जानेवारी

तळाचे पहिले सहा भाग गेले. ट्रकवर ताडपत्री घालून. नवा वेल्डर आता खडूकडे नीट बघतो. रेघेपलीकडून ओरडून ओरडून हनीफभाईंनीच शिकवलं त्याला. ट्रक वळेपर्यंत ते बघत उभे होते. "जपून बसा रं पोरांनो," असं काहीतरी पुटपुटले. त्या गाडीत कोण बसणार आणि ती कुणावर चालून जाणार, मला काहीच माहीत नाही. मी फक्त बाजार मराठीत आणला.

गुरुवार, १५ जानेवारी

दादाभाऊंना कंपनीचे नियमही मराठीत हवेत. त्यासाठी भरतच्या कपाटातून फाइल काढली. आत कंपनीची एक यादी होती. सोळा नावं. एकाच नावापुढे, महंमद हनीफपुढे शेरा : 'बदली वेल्डर घेणे.' कारणाचा रकाना कोरा. तारीख १९ नोव्हेंबर.

फॉर्म मी चोवीसला भरला होता.

खाली 'मान्य' लिहून भरतची सही.

अंगणात भरत आणि हनीफभाई चहा पितायत. तहरीमचा अर्ज आज गेला. हनीफभाई मला हाक मारतायत.